सामानापाशी कोण बसणार?

बदरुनभाभींनी अमिरातीतली सगळी प्रेक्षणीय स्थळं केली आहेत आणि त्यातलं एकही पाहिलेलं नाही.

हे वाचून कोणाला त्यांच्या डोळ्यांविषयी शंका येईल, म्हणून आधीच सांगतो, डोळे उत्तम आहेत. शारजाला रोल्लात आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरून त्या खाली गल्लीत आलेली कोळंबी कालची की आजची ते सांगतात. अडचण वेगळी आहे. चौतीस वर्षांत आमच्या दोन घरांच्या मिळून साठ-सत्तर पिकनिक झाल्या असतील, आणि प्रत्येक पिकनिकला बदरुनभाभी सामानापाशी बसल्या. अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयात आम्ही जिराफ पाहिले. त्यांनी जिराफ पाहून परत येणारी माणसं पाहिली. खोरफक्कानला आम्ही समुद्रात उतरलो. त्यांनी आमच्या चपला सांभाळल्या. जबल हफीतवर आम्ही कठड्यापाशी उभं राहून सूर्यास्त बघत होतो तेव्हा त्या पलीकडे चटईवर कांदा चिरत होत्या. सूर्य मावळल्याचं त्यांना कांदा दिसेनासा झाला त्यावरून कळलं.

ही काही सक्ती नव्हती. सक्ती असती तर कोणीतरी विरोध केला असता. ही पद्धत होती.

पद्धत अशी, की जिनं पातेलं बांधलं ती पातेल्यापाशी बसते. पातेलं मटण बिर्याणीचं, कल्हई केलेलं, तांब्याचं, दाभोळहून आलेलं. ते जुन्या रजईत गुंडाळून वर सुतळीची गाठ मारायची. सोबत सांदणांचा डबा, कालवणाची बरणी, चटया, पाण्याचे कॅन आणि आमच्या सविताची मटकीची उसळ. सविता म्हणजे माझी बायको. ती शनिवारी मटण खात नाही, आणि पिकनिक नेमकी शनिवारीच असते. मी खातो. रोल्लात माझं मसाल्यांचं दुकान होतं. आता दुकान मुलगा बघतो आणि मी मुलगा कसा बघतो ते बघतो.

भाभींचे मिस्टर मोहिद्दीनभाई. इंडस्ट्रियल एरियात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. अतिशय सज्जन माणूस, आणि वर्णन करण्यात त्यांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. काहीही पाहून परत आले की ते भाभींसमोर चटईवर मांडी घालून बसत आणि सुरू करत, "बदरू, काय तो हत्ती गो!" भाभी वाढता वाढता ऐकत. घरी गेल्यावर दुसरा अंक होई. एकदा जिराफाची मान दाखवताना त्यांनी ट्यूबलाइट फोडली होती. आपण बायकोला सगळी दुनिया दाखवली, असं ते मनापासून मानत. मला वाटतं, ट्यूबलाइट सोडली तर बाकीच्या दुनियेची त्याला हरकत नव्हती.

यंदा दुकान विकलं गेलं, व्हिसा संपत आला आणि दोघं चोवीस जानेवारीला कायमची दाभोळला निघणार असं ठरलं. म्हणजे आणखी एक पिकनिक, शेवटची. दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहणारा त्यांचा मुलगा मोईन कॉम्प्युटरवर शोधत बसला आणि त्यानं फुजैराच्या डोंगरातलं वादी समरा नावाचं राष्ट्रीय उद्यान काढलं. बाराही महिने वाहणारा धबधबा. रानमांजर, कोल्हे, आणि ताहर नावाचा डोंगरी बकरा, जो जगात याच डोंगरांत उरलाय. आठवड्यातून एक दिवस उघडतं, गाइडबरोबर चालत जायचं. मोहिद्दीनभाई महिनाभर फक्त ताहरबद्दल बोलत होते. न पाहताच त्यांचं वर्णन निम्मं तयार झालं होतं.

जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळी सहाला मोईन सात सीटची गाडी घेऊन आला. पुढं तो आणि मोहिद्दीनभाई, मध्ये सविता, भाभी आणि त्यांची सून हुमेरा, मागं मी आणि आठ वर्षांची नात दुआ. माझ्या मांडीवर चटया होत्या.

धैदच्या पुढे सविताचं लक्ष खाली गेलं.

"भाभी, बूट?"

"हं."

"स्पोर्ट्सचे?"

"परवा घेतले. साठ दिरहमचे. म्हणजे चौदाशे रुपये."

"साठला सोडले त्यानं?"

"त्यानं साठ सांगितले, मी साठ दिले."

सवितानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत बदरुनभाभींनी रोल्लात घासाघीस न करता काही घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. मीही गंभीर झालो. पण पुढच्या सीटवर ताहर चालू होता, त्यामुळे तिकडं काही पोहोचलं नाही.

उद्यानाच्या फाटकाशी आठला पाच कमी असताना पोहोचलो. चहूकडे करडे, उभे कापलेले डोंगर. एक ऑफिस, नळ असलेली एक शेड, आणि पाटीवर नियम: वाटेवर खाणं न्यायचं नाही, खाणं उघड्यावर सोडून जायचं नाही, जनावरं येतात. खाकी गणवेशातला एक तरुण रेंजर हातात टॅब्लेट घेऊन उभा होता. नाव खल्फान, इथलाच, आणि त्याचं हिंदी आमच्या मोईनपेक्षा स्वच्छ होतं.

त्यानं नावं वाचली. "मोहिद्दीन. मोईन. हुमेरा. दुआ. चंद्रहास. सविता. खलास. छह आप लोग, दो ये जर्मन लोग. आठ. यल्ला, चलो."

जर्मन नवरा-बायकोंनी मान लववली. आम्हीही लववली. भाभी रांगेत सातव्या उभ्या होत्या.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

मोईन मोबाइलमध्ये बघू लागला. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. तिथं रेंजच नव्हती.

"अम्मी, तू म्हणजे... तू सामानाजवळ असतेस ना. मग तुझं बुकिंग वेस्ट गेलं असतं."

"मला विचारलंस?"

"जाऊन-येऊन चार किलोमीटर आहे, अम्मी. सगळं रॉकी. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांना विचारलंस?"

मोहिद्दीनभाई पुढं झाले. त्यांचा आवाज मधाळ होता; गिऱ्हाइकाला हवा तो पार्ट दुकानात नसला की ते हाच आवाज काढत. "बदरू, ही शेड बघ किती छान बांधलीय. वारा आहे. नळ आहे. बाथरूम अगदी जवळ. तू आरामात बस. मी जातो, येतो आणि तुला सगळं सांगतो."

"नको."

"काय नको?"

"सांगू नका. मी येतेय."

"येतेय म्हणजे?" मोहिद्दीनभाईंनी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग जो प्रश्न विचारायची चौतीस वर्षांत कधी वेळच आली नव्हती तो विचारला. "मग सामानापाशी कोण बसणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जर्मनांनीही, जरी त्यांना त्याचं काही कारण नव्हतं.

"मी बसते," हुमेरा म्हणाली. गुणी मुलगी. "अम्मी, तुम्ही माझ्या जागी जा."

"नाय बसायचं!" भाभी एवढ्या जोरात म्हणाल्या की हुमेरा एक पाऊल मागं सरकली. "मीपण एकाच दिवसापुरती बसले होते, हुमेरा. खोरफक्कानला. हा मोईन चार महिन्यांचा होता, चटईवर झोपलेला. म्हटलं, आजच्या दिवस बसते. आता हा चौतीस वर्षांचा आहे, आणि मी अजून बसलेलीच आहे. तू आज बसलीस की उठणार नाहीस. बसून बघ पाहिजे तर."

हुमेरा बसली नाही.

"मी बसतो की," मी म्हणालो. मला चार किलोमीटर दगडांतून चालण्यापेक्षा बिर्याणीच्या सान्निध्यात थांबणं जास्त निसर्गाला धरून वाटत होतं.

"चंद्रहासभाऊ, तुम्हाला बसवलं तर आम्ही परत येईपर्यंत पातेलं राहील. आत काही राहणार नाही."

सविता मोकळेपणी हसली. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं मोकळं हसायला तिला नेहमी दुसऱ्या कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

"मग बसायचं कोणी?" मोहिद्दीनभाई म्हणाले. "मी बसू? मोहिद्दीन पातेल्यापाशी बसला असं लोकांनी पाहिलं तर..."

"कोणत्या लोकांनी?" भाभींनी सभोवार पाहिलं. लोक म्हणजे दोन जर्मन आणि एक रेंजर. "मी कोणाला बसा म्हणत नाही. मी फक्त बसत नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

इथं खल्फाननं घड्याळात पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "सामान गाडी में रख दो ना?"

एकतर आमच्यापैकी कोणाला ऐकू आलं नाही, किंवा सगळ्यांना फारच ऐकू आलं.

"गाडीत?" मोहिद्दीनभाई म्हणाले. "बंद गाडीत बिर्याणीला घाम सुटतो."

"जनवरी है," खल्फान म्हणाला.

तेवढ्यात मला सगळं आठवलं. सुरुवातीला आमच्यापैकी कोणाकडेच गाडी नव्हती. भाड्याचा पिकअप यायचा, आम्हाला किनाऱ्यावर उतरवायचा आणि निघून जायचा, संध्याकाळी परत यायचा. सामान उघड्यावर पडायचं. कावळे, मांजरं, दुसऱ्यांची पोरं. कोणीतरी बसणं भागच होतं. मग मोहिद्दीनभाईंनी पहिली गाडी घेतली. तिला डिकी होती. डिकीला कुलूप होतं. ती डिकी बघायला आम्ही खाली उतरलो होतो, पेढे खाल्ले होते, झाकण चार-चार वेळा उघडून मिटून पाहिलं होतं. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं, प्रत्येक पिकनिकला, आम्ही डिकीतून पातेलं काढलं, चटईवर ठेवलं, शेजारी भाभींना ठेवलं आणि रिकामी डिकी काळजीपूर्वक कुलूपबंद केली.

हे इतर कोणाला सुचलं नाही ते समजू शकतो. पण मी स्वतःला हुशार समजत आलोय.

पातेलं खरं तर अजून डिकीतच होतं. मोईन गेला, त्यानं झाकण उचलून आत पाहिलं, आणि पुन्हा खाली घातलं. डिकी बंद झाल्याचा आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे, पण त्या दिवशी तो डोंगरावर आपटून परत आला.

"झालं," भाभी म्हणाल्या. "चला."

"खाला," खल्फान अवघडून म्हणाला, "नाम तो छह ही हैं."

आठ म्हणजे आठ, हे त्यानं समजावून सांगितलं. नववा माणूस गेला की ताहर पळतो. (हे ताहर कसे मोजतात, ते मी विचारलं नाही.) पुढच्या शनिवारचं बुकिंग भरलेलं. आमच्यातलं एक नाव काढून दुसरं घालता येईल, आयडी दाखवून, पण ज्याचं काढायचं त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. आठ वाजून गेलेच होते. पाच मिनिटांत ग्रुप निघणार.

आता मामला सोपा झाला, म्हणून जास्त वाईट झाला. मघापर्यंत मध्ये पातेलं होतं. सगळं त्याच्यावर ढकलता येत होतं. आता पातेलं डिकीत, आणि उघड्यावर उरली ती एवढीच गोष्ट, की सात माणसं घरातून निघाली आणि कोणीतरी ती सहा मोजली.

"अम्मी, माझं नाव काढ," मोईन म्हणाला. "बुकिंग मी केलंय."

"सहा तू ठरवलेस?"

मोईन पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला. चांगला मुलगा आहे, खोटं बोलायला त्याला तयारी लागते. दुआला खरं बोलायलाही लागत नाही.

"दादा सेड सिक्स," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे आजोबा. "बाबा आस्क्ड, सेव्हन? अँड दादा सेड, नो नो, सिक्स."

"दुआ!" हुमेरा म्हणाली.

"व्हॉट? ही डिड."

भाभींनी पर्स उघडली. आयडी कार्ड काढून खल्फानच्या हातात दिलं. त्या कार्डाची मुदत आणखी सोळा दिवस होती.

"नाव लिहा."

"किसके बदले, खाला?"

"जिसने छह बोला, उसके."

मोहिद्दीनभाईंनी आमच्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी समोरच्या डोंगराच्या रचनेत विलक्षण रस वाटू लागला. सविता तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, आणि तिच्या पायात सँडल होते.

"बदरू," मोहिद्दीनभाई हळूच म्हणाले. मधाळ आवाज गेला होता. हा त्यांचा स्वतःचा होता. "माझी शेवटची पिकनिक आहे गो."

"माझी पहिली आहे," भाभी म्हणाल्या.

खल्फाननं पुन्हा घड्याळ पाहिलं नाही, एवढं मी पाहिलं. मग मोहिद्दीनभाई त्याला म्हणाले, "लिख लो."

आम्ही निघालो. वळणावरून मी मागं पाहिलं. ते शेडमध्ये जाऊन बसले होते. सामान डिकीत होतं, त्यामुळे त्यांच्यापाशी गाडीच्या किल्लीखेरीज काहीच नव्हतं.

वाट ओढ्याच्या काठानं होती. काठानं म्हणजे कधी काठानं, कधी मधूनच. खल्फान समरा नावाच्या काटेरी झाडाखाली थांबायचा, डबक्यातले बोटभर मासे दाखवायचा, वाळूतली कोल्ह्याची पावलं दाखवायचा. जर्मन वहीत लिहून घेत होते. भाभी प्रत्येक गोष्टीपाशी थांबून ती पुरती बघायच्या, आणि मग पुढं. एक बेडूक त्यांनी इतका वेळ पाहिला की शेवटी बेडूकच उठून गेला.

एक किलोमीटरवर बाक होता. खल्फान म्हणाला, "जिनको तकलीफ हो, यहाँ रुक सकते हैं. आगे चढ़ाई है. वापसी में साथ ले लेंगे."

सगळ्यांनी भाभींकडे पाहिलं. चेहरा लाल, दुपट्टा घामानं कपाळाला चिकटलेला, एक हात उजव्या गुडघ्यावर.

"थकलात, भाभी?" सवितानं विचारलं.

"खूप."

"मग बसा की घटकाभर."

"थकलं म्हणजे बसायचं, असं कुठं आहे? मी थकून उभी राहीन."

मी तोवर बाकावर निम्मा टेकलो होतो. तिथून पुन्हा उठणं हे मी त्या दिवशी केलेलं सर्वांत अवघड काम.

पुढं खडकाला लोखंडी साखळी लावलेली होती, ती धरून चढायचं. मोईन म्हणाला, "अम्मी, हात दे." भाभी म्हणाल्या, "बाजूला हो, वाट अडवू नकोस." आणि त्या चार पायांवर चढल्या. सुंदर दिसत नव्हतं. पण वर पोहोचल्या, आणि माझ्या आधी पोहोचल्या.

वर थांबून श्वास घेत असताना त्यांनी समोरच्या कड्याकडे बोट केलं. "ते काय हललं?"

"कहाँ?" खल्फान.

"तिथं, तीन काळ्या रेघा आहेत ना, मधल्या रेघेच्या वर. आता नाही हलत. आता आपल्याकडे बघतोय."

खल्फाननं दुर्बीण लावली आणि त्याच्या तोंडून अरबीत काहीतरी निघालं, जे त्यानं भाषांतर करून सांगितलं नाही. ताहर होता. तांबूस, आखूड शिंगांचा, अंगावर दाट केस, कड्यावर असा उभा की जणू सपाट जमिनीवर आहे. खल्फाननं सांगितलं, सहा वर्षांच्या नोकरीत मी अकराच वेळा पाहिला, आणि दरवेळी दुर्बिणीतून आधी. खाला, तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसला कसा?

"चौतीस वर्षं राखण करतेय," भाभी म्हणाल्या. "काय हललं ते मला झोपेतपण कळतं."

जर्मनांनी हे भाषांतर करून मागितलं आणि वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही धबधब्यापाशी पोहोचलो.

धबधबा कसा होता, किती उंच, किती पाणी, हे मी सांगणार नाही. का नाही, ते लवकरच कळेल. भाभी कशा होत्या ते सांगतो. त्या पाण्यासमोर गेल्या आणि उभ्या राहिल्या. खल्फान म्हणाला, "खाला, उस पत्थर पर बैठ जाओ," तर त्यांनी त्या दगडाकडे असं पाहिलं की दगडालाही संकोच वाटावा. मोईन म्हणाला, "अम्मी, फोटो!" त्या म्हणाल्या, "नंतर. आधी मला बघू दे." दुआ पाण्यात हात घालून ओरडत होती, जर्मन कुजबुजत होते, सविता पदरानं डोळे पुसत होती आणि मी विचारल्यावर तुषार उडतायत म्हणाली. जिथं ती उभी होती तिथं तुषार येत नव्हते.

वीस मिनिटं झाली. "यल्ला, चलें?" खल्फान म्हणाला.

"थांब रे," भाभी म्हणाल्या.

तो थांबला. आठचे नऊ होऊ न देणारा माणूस, पण थांबला.

उतरताना, फाटकाच्या अलीकडच्या वळणावर, भाभींनी आम्हाला अडवलं. "ऐका. कोणी त्यांना काही सांगायचं नाही."

"काही म्हणजे?" मी विचारलं.

"काहीच नाही. केवढा, कसा, काही नाही. फोटो दाखवायचे नाहीत. चंद्रहासभाऊ, तुम्ही विशेषतः."

"नॉट इव्हन द ताहर?" दुआनं विचारलं.

"नॉट इव्हन," दादी म्हणाली. भाभींना इंग्रजी येतं हे मला तेव्हा कळलं. कदाचित तेव्हाच आलं असेल.

मोहिद्दीनभाई शेडच्या बाहेर येऊन उभे होते. चार तासांत त्यांनी चटया अंथरल्या होत्या, पातेलं बाहेर काढलं होतं, सुतळीची गाठ सोडवायला बसले होते आणि ती आणखी घट्ट केली होती.

"कसा आहे?"

"कोण?" भाभी म्हणाल्या.

"धबधबा गो!"

"आहे."

ते मोईनकडे वळले. "फोटो दाखव रे."

"रेंज नाही, अब्बा."

"फोटो बघायला रेंज कशाला लागते?"

मोईन नळाकडे हात धुवायला गेला. मग ते हुमेराकडे गेले, हुमेरा प्लेटा पुसू लागली. दुआनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, डोळे बाहेर यायचे बाकी होते. शेवटी माझ्याकडे. "भाऊ, तुम्ही तरी."

"भूक लागलीय," मी म्हणालो. हे खरं होतं, म्हणून मला जमलं.

जेवायला बसलो. भाभी पहिल्यांदा बसल्या, ताट पुढं घेऊन. वाढायला कोणीच नव्हतं. डाव कुठंय, मीठ कुठंय, सांदणांचा डबा कोणत्या पिशवीत, हे सात माणसांत एकालाच ठाऊक होतं आणि ते माणूस डोंगराकडे बघत होतं. मोईननं शेवटी चहाच्या कपानं बिर्याणी वाढली. अम्मीला आधी वाढली.

मोहिद्दीनभाई जेवले नाहीत फारसे. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. ते चिडले नव्हते. घास हातात धरून ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिथं काही उमटलंय का ते शोधत. आमच्या सहाजणांकडे काहीतरी होतं आणि त्यांच्याकडे नव्हतं. चटईच्या या बाजूनं पिकनिक कशी दिसते ते बहुधा त्यांना कळत होतं. मला वाटलं, आता भाभी विरघळणार. एक वाक्य तर सांगायचं आहे.

भाभींनी आणखी थोडी बिर्याणी मागितली.

रस्त्याला लागल्यावर रेंज आली, तसं मोहिद्दीनभाईंनी मोईनला पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावून बुकिंग बघायला सांगितलं. मधे शाळांसाठी उद्यान ठेवलं होतं. सर्वांत जवळची मोकळी जागा एकतीस तारखेची.

"चोवीसची फ्लाइट आहे, अब्बा."

मोहिद्दीनभाईंनी मान वळवून मागं भाभींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मग तिकीट बदला," त्या म्हणाल्या.

"आपलं?"

"तुमचं. माझं चोवीसचंच राहू दे."

आम्हाला वाटलं, हे बोलणं आहे, पंपावरच राहील. राहिलं नाही. मोहिद्दीनभाईंनी खरोखरच ऑफिसात जाऊन कागदपत्रांची मुदत आठवडाभर पुढं करून घेतली, आणि चोवीसला भाभी एकट्या गेल्या. शारजा विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला होतो. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या विमानात बसत होत्या. हुमेरा रडली, मोईन रडला, सविता तर घरापासूनच सुरू झाली होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सीट कोणती देऊ? भाभी म्हणाल्या, "खिडकी."

एकतीसला मोईन अब्बांना घेऊन वादी समराला गेला. मीही गेलो, पण बाकापर्यंतच. दुपारी मोहिद्दीनभाई परत उतरले. वर्णन नाही, हातवारे नाहीत. ताहर दिसला नव्हता. त्याच पेट्रोल पंपाशी रेंज आली तसा त्यांनी दाभोळला फोन लावला, आणि घाईत बोट भलतीकडे पडून तो स्पीकरवर लागला.

"बदरू. पाहिला गो."

"हं."

"अगं, केवढासा आहे! दोन माणसांच्या उंचीचा. आपल्याकडे पावसात दाभोळच्या रस्त्यानं गेलीस तर एकेका वळणावर याच्याहून मोठे चार मिळतील!"

"मग? मी मोठा आहे म्हटलं होतं?"

"आधी सांगितलं असतंस तर मी आठवडाभर कशाला राहिलो असतो?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मोईननं इंजिन बंद केलं. फोनमधून वारा ऐकू येत होता, आणि मागं बायकांचा गलका. कोणीतरी "चल गो बदरू, बोट सुटेल!" म्हणून ओरडत होतं.

"कुठं आहेस तू?" मोहिद्दीनभाईंनी विचारलं.

"जेटीवर. खाडीपलीकडे चाललेय, फेरीबोटीनं. लग्न होऊन दाभोळला आले तेव्हापासून ती बोट खिडकीतून बघतेय."

"आणि घरी कोण बसलंय?"

"कुलूप," भाभी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.